वाचकांचे प्रश्न : उचललेली गाडी, बदललेले कोन

गेल्या अंकात टायरच्या निवडीबद्दल लिहिलं, त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली. गाडी उंच करून घेतली, दिसते झकास, पण रस्त्यावर तिच्यावर विश्वास बसत नाही. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. कोल्हापुरात माझ्या वडिलांचं कमानपाट्यांचं दुकान होतं. त्याच जागेत आता मी अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं, काम करते, आणि आठवड्यातून एक तरी उचललेली गाडी माझ्या दुकानातल्या कामाच्या खड्ड्यावर येते. मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते, उचलायच्या आधीची मापं आहेत का? आजवर "आहेत" म्हणणारे दोघे भेटले.

प्रश्न : ताई, माझी पाच दारांची जिम्नी आहे. चार महिन्यांपूर्वी ५० मिमी उंच स्प्रिंग आणि लांब शॉकअप बसवले. १९५/८० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातले. कुंभार्ली घाटात काही वाटत नाही, पण कराडला महामार्गाला लागून ८०च्या पुढे गेलं की गाडी वाहते. शेजारून ट्रक गेला की सारखं सावरत बसावं लागतं, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. दोन ठिकाणी अलाइनमेंट केली. दोघांनीही कागद दाखवून सगळं बरोबर आहे म्हणून सांगितलं. स्टिअरिंग व्हील जरा वाकडं झालं होतं, तर एकाने ते काढून सरळ बसवून दिलं. आता स्टिअरिंग डँपर बदलायला सांगतायत. बदलू का? (चिपळूण)

उत्तर : डँपर बदलू नका. तो थरथर दाबतो, दिशा देत नाही. तुमच्या गाडीची दिशाच हरवली आहे, आणि ती कुठे हरवली हे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, म्हणजे कॅस्टर गेला.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, त्याचा माथा मागे, स्वाराकडे झुकलेला असतो. म्हणून वेगात हात सोडले तरी चाक सरळ धावतं. गाडीच्या पुढच्या चाकाचा वळायचा कणाही तसाच मागे झुकलेला असतो, तो झुकाव म्हणजे कॅस्टर. थोड्याच अंशांचा खेळ आहे, पण सरळ चालणं आणि वळणानंतर सरळ होणं हे सगळं त्या थोड्या अंशांवर उभं असतं.

जिम्नीची पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात, आणि त्याला दोन लांब लोखंडी हात धरून असतात. हाताचं मागचं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एका बुशवर (रबरी अस्तरावर), पुढचं टोक ॲक्सलला दोन बुशांवर. दोन बुशांमुळे हात आणि ॲक्सल एकजीव होतात. चेसिस ५० मिमी वर गेली की हात मागच्या बुशभोवती फिरतो, आणि त्याच्याबरोबर ॲक्सलही तेवढाच गोल फिरतो, माथा पुढे पाडत. किती फिरला ते घरी काढता येतं. उचल भागिले हाताची लांबी, गुणिले ५७.३. हात ६५० मिमी लांब धरला तर ५० भागिले ६५०, गुणिले ५७.३, म्हणजे जवळजवळ ४.४ अंश. तुमच्या गाडीखाली टेप घेऊन जा, मागच्या बोल्टापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजा आणि तुमचा आकडा काढा. गाडीत मुळात असतातच थोडे अंश, त्यातले इतके गेल्यावर शिल्लक काय राहणार?

मग दोन ठिकाणी सगळं बरोबर कसं निघालं? कारण बऱ्याच ठिकाणी फक्त टो, म्हणजे चाकांची पुढची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बघतात. अखंड ॲक्सलच्या गाडीत टो आणि कॅम्बर (चाकाचा माथा आत-बाहेर झुकतो तो कोन) उचलल्याने जवळपास हलतच नाहीत. कॅम्बर ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये पक्का आहे आणि दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, टाय रॉड, त्यांच्या मध्येच आहे. ते दोन्ही बरोबर येणारच. तुमचा कागद पुन्हा काढा आणि कॅस्टरचा रकाना बघा. रिकामा असेल, किंवा चाकं वळवून न मोजता नुसता छापलेला असेल. कॅस्टर मोजायला चाकं फिरत्या थाळ्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना ठरावीक अंश, बहुतेक यंत्रांवर २०, वळवावी लागतात. तुमच्यासमोर ती चाकं वळवली नसतील तर कॅस्टर मोजलेला नाही. "वळवून मोजा, मी थांबतो" एवढं शांतपणे म्हणायचं. काम पाच मिनिटांचं आहे.

दुरुस्तीचे रस्ते तीन. पहिला, हाताच्या पुढच्या टोकाला भोक मध्यापासून सरकवलेले बुश. ते ॲक्सलला दोन-तीन अंश परत मागे फिरवतात. स्वस्त आहेत, पण प्रेसवर बसवावे लागतात आणि दिशा चुकली तर असलेला कॅस्टरही जातो, म्हणून बसवल्यावर लगेच मोजायचंच. दुसरा, हाताचं मागचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट. कोन चांगला परत येतो, पण आपल्याकडे उसाच्या फडात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये तेच ब्रॅकेट आधी अडकतात. उंची मिळवली ती तिथेच खर्च होते. तिसरा, कोन बदलून घडवलेले नवे हात. महाग, पण ५० मिमीच्या पुढे जायचं असेल तर मी तेच सुचवते. तुमच्या उचलीला पहिला रस्ता पुरेल. कॅस्टर कंपनीच्या आकड्याच्या जवळ आणा, अगदी तंतोतंत हट्ट नको. कारण कॅस्टर वाढवायला ॲक्सलचा माथा मागे नेला की मागे तोंड असलेला पिनियन, म्हणजे ॲक्सलला शाफ्ट जिथे जोडतो ते टोक, खाली झुकतो आणि पुढच्या शाफ्टच्या जॉइंटला कोन वाढतो. एका हाताने देताना दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही व्यवस्था आहे. कुठे थांबायचं ते फोर-व्हील लावून चालवून ठरवावं लागतं.

आता ते व्हील. ज्याने व्हील काढून सरळ बसवलं त्याच्याकडे परत जाऊ नका, असं मला स्पष्ट लिहावं लागतंय. व्हील का वाकडं झालं होतं? ॲक्सल चेसिसखाली एका बाजूला सरकला म्हणून. पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा, एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्याला ॲक्सलला. गाडी वर गेली की हा दांडा जास्त तिरका होतो, त्याचा आडवा पल्ला आखडतो आणि ॲक्सल चेसिसच्या खुंटीकडे ओढला जातो. बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ. दोन्हीकडच्या मडगार्डच्या कडेच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. डावीकडे ३१ आणि उजवीकडे ४७ आलं, तर फरक १६, म्हणजे ॲक्सल ८ मिमी सरकलाय. हेच मागेही मोजा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या बाजूंना सरकले असतील तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी धावते.

औषध म्हणजे लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड. तो लांब केला की ॲक्सल परत मध्ये येतो. ॲक्सल मध्ये आल्यावरच ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी जुळवून व्हील सरळ करायचं, व्हील दांड्यावरून उपटून नाही. कारण स्टिअरिंग बॉक्सचा एक मध्य असतो, तिथे दात सगळ्यात घट्ट बसतात. व्हील उपटून बसवलं की तुम्ही सरळ जाताना बॉक्स मात्र बाजूला वळलेला असतो, त्या ठिकाणी खेळ जास्त. वरून तुमच्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, आहे. व्हीलचा कोन सांगणारा सेन्सर सरळ म्हणतो एक आणि गाडी धावते दुसरीकडे, असं होऊ देऊ नका. सगळं झाल्यावर सेन्सरचा शून्य स्कॅनरवर पुन्हा शिकवून घ्या.

ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून बघितले की एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. दोघे एकाच तालात वरखाली होतात म्हणून खड्ड्यात स्टिअरिंगला झटका बसत नाही. कुणी फक्त एकाची खुंटी खाली आणायला सुचवलं तर नको म्हणा.

टायरने तुम्हाला आणखी २० मिमी उंची दिलीय आणि मीटरही फसवतंय. घेर वाढल्यामुळे मीटर ८० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ८५च्या आसपास असता. हे काम होईपर्यंत महामार्गावर मीटरच्या ७०च्या आत राहा, ही विनंती आहे.

प्रश्न : मी बाबांची जुनी जिप्सी नीट करतोय. मागेपुढे ५० मिमी लांब शॅकल (कमानपाट्यांचं एक टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) घातले. ५५-६० वर खड्डा लागला की पुढची चाकं थडथड हलायला लागतात, स्टिअरिंग हातात धरवत नाही. थांबल्याशिवाय बंद होत नाही. टायर तीनदा बॅलन्स केले. ॲल्युमिनियमच्या पाचरी मिळतात त्या घालू का? आणि ५० मिमीचे शॅकल घालून गाडी तेवढी उंच का झाली नाही? (दोडामार्ग)

उत्तर : आधी हे वाच, मग गाडी बाहेर काढ.

२००९ साली मी माझ्या जिप्सीला असेच शॅकल घातले होते. वडिलांना विचारलं नाही. त्यांच्या दुकानात, त्यांच्याच पान्ह्यांनी, ते गावाला गेले असताना. चार दिवसांनी आम्ही दोघं गगनबावड्याहून परत येत होतो. कळ्याच्या अलीकडे डावं चाक खड्ड्यात गेलं आणि पुढचा ॲक्सल वेड्यासारखा हलायला लागला. समोरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली येत होती. मी ब्रेक दाबला आणि थडथड वाढली. वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "ब्रेक सोड, घट्ट धर, हळू होऊ दे." ट्रॉली गेली. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो, आणि मला बराच वेळ दार उघडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला काही बोलले नाहीत. किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या कण्यावर वळतं त्याच्या, वरच्या झाकणावर पाणसळ आणि कोनमापक ठेवून त्यांनी कोन घेतला. मग माझे शॅकल काढून जुने घातले, परत कोन घेतला. दोन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहिले. नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवलं, आणि मला हलवायला लावलं. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. तो माझ्या शॅकलने आलेला नव्हता, आधीपासून होता. जुन्या कोनात गाडी तो झाकत होती, नव्या कोनात झाकू शकली नाही. भिंतीवरचा खडू पुसला गेला, पण त्या दिवसापासून उचलायच्या आधीचा आकडा घेतल्याशिवाय मी कुठल्याही गाडीचा बोल्ट सोडलेला नाही.

आता तुझी गाडी. शॅकल कमानीच्या एकाच टोकाला असतो, दुसरं टोक खुंटीला पक्कं. म्हणून शॅकल ५० लांब केला तर मध्यावर बसलेला ॲक्सल साधारण निम्माच, २५ मिमी, खाली जातो. ५० मिमीसाठी १०० मिमी लांब शॅकल घालायच्या विचारात असशील तर तो सोडून दे. इतका लांब शॅकल बाजूला लचकतो. जिप्सीच्या पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब झाला की कमानीचं पुढचं टोक खाली झुकतं आणि ॲक्सलचा माथा पुढे पडतो. कॅस्टर तिथे गेला. मागे मात्र हाच शॅकल पिनियनचा कोन बदलतो, म्हणून मागच्या शाफ्टची गुणगुण ऐकू येते का तेही बघ.

पण कमान आणि ॲक्सलच्या मध्ये घालून हा कोन परत आणणाऱ्या त्या पाचरी आत्ताच नको. चाकांची थडथड बहुतेक वेळा खेळातून येते. बेअरिंगमध्ये खेळ असताना नुसता कॅस्टर वाढवलास तर थडथड कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकते. म्हणून आधी खेळ शोध. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलव, किंगपिनचा खेळ कळेल. डावी-उजवीकडे हलव, टाय रॉड एंड कळतील. मग गाडी जमिनीवर ठेव आणि कुणाला तरी इंजिन चालू न करता स्टिअरिंग इकडेतिकडे थोडं थोडं हलवायला सांग. तू खाली पडून प्रत्येक जॉइंटवर बोट ठेव. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे बोटाला कळतं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, हे मला कुठलंही यंत्र शिकवू शकलं नसतं. किंगपिनची बेअरिंगं नवी घाल आणि झाकणाखालच्या पातळ चकत्या (शिम) कमी-जास्त करून ताण बसव. ताण मोजायला ताणकाटा नकलच्या, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या, टोकाला लावून ओढायचा, किती यायला हवा ते मॅन्युअलमध्ये आहे. कमानीचे आणि शॅकलचे बुशही नवे घाल.

एवढं केल्यावर कोन घे. झाकण सपाट असतं, चुंबकाचा डिजिटल कोनमापक त्यावर पुढून मागे ठेवायचा. ओतकामामुळे तो आकडा म्हणजे खरा कॅस्टर असेलच असं नाही, पण जुन्या शॅकलवरचा आणि नव्या शॅकलवरचा फरक खरा असतो. जुने शॅकल टाकून दिले नसशील अशी आशा आहे.

फरक भरून काढायला पाचर लागलीच, तर पोलादी घे. ॲल्युमिनियमची पाचर यू-बोल्टच्या दाबाखाली आणि रोजच्या हादऱ्यांत तडकते, तुकडे पडून निघते आणि मग सगळाच बोल्ट ढिला. जिप्सीत कमान ॲक्सलच्या खाली असते, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. कुणी गाडी उंच करायला कमान ॲक्सलच्या वर नेली असेल तर उलट, जाड बाजू मागे. दोन अंशांची पाचर घालून परत मोज. कमानीचे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब लागेल, त्याचं डोकं भोकात पूर्ण बसलंय याची खात्री कर. यू-बोल्ट जुने वापरू नकोस, एकदा ताणलेले असतात. नवे घालून चालवून आल्यावर, शे-दीडशे किलोमीटरनंतर, परत आवळ.

तोवर गाडी कुठे न्यायची झालीच तर ४०च्या आत. आणि थडथड सुरू झाली तर ब्रेक दाबू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. द्राक्षबागेत क्रेट भरून आणायला मागे एक जादा पाटा टाकला. त्यामुळे गाडी पुढे झुकल्यासारखी दिसायला लागली, म्हणून पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीवर) ३० मिमीचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, टाकले. पण पुढे ५०-५५ मिमी वर आली. सहा हजार किलोमीटरमध्ये पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गेल्या. आता डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला रिमवर ग्रीस उडालेलं दिसतंय. (निफाड)

उत्तर : तुमच्या गाडीचं पुढचं चाक स्वतंत्र आहे, वरचा आणि खालचा असे दोन हात. वरच्या दोन पत्रांतला अखंड ॲक्सल वेगळा, त्यातलं काही इथे लागू करू नका.

३० चे ५५ कसे झाले ते आधी. स्ट्रट चाकावर उभा नाही, खालच्या हाताच्या साधारण मध्यावर उभा आहे. मध्याला ३० ढकललं की टोकाला त्याच्या पावणेदोन-दोन पट. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. आणि स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर घातल्याने स्ट्रटची लांबीच वाढली, म्हणजे चाक लोंबकळताना कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातं. तिथे वरच्या हाताचा बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) दोन्ही कोनाच्या शेवटाला टेकतात. तुमचं ग्रीस तिथून येतंय. सीव्हीचं बूट, म्हणजे त्यावरचं रबरी आवरण, घडीत घासून फाटलं असणार. आजच बघा. ग्रीस जाऊन माती आत गेली की पंधरवड्यात जॉइंट कटकट वाजायला लागतो आणि मग बूट बदलून भागत नाही.

टायरचं कारण कॅम्बर आणि टो दोन्ही. उचलल्यावर अशा बहुतेक गाड्यांत चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि बाहेरची कड जास्त भार घेते. पण कडा इतक्या लवकर गेल्या यात मला टोचा हात मोठा वाटतो. टो किती खातो याचा हिशेब मी गिऱ्हाइकांना करून दाखवते. ७६० मिमी व्यासाच्या टायरला एकूण टो ३ मिमी चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळपास २ मीटर आडवं घासत जातं. सहा हजार किलोमीटरमध्ये बारा किलोमीटर आडवं. रबर कुठे गेलं ते यातून कळतं.

माझा सल्ला, ३० चे स्पेसर काढा आणि १५ चे घाला. चाकाशी २५-३० मिमी मिळतील, गाडी जवळपास सपाट दिसेल, जॉइंट मर्यादेत राहतील. तुमचं काम बागेतलं आहे, खडकातलं नाही. ५५ हवेच असतील तर स्पेसरचा नाद सोडून पूर्ण स्प्रिंग-शॉकअप संच आणि कोन बदललेले वरचे हात घ्या, आणि आधी मागचं रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं माप घ्या. पिकअपमध्ये मला हे नेहमी सुटलेलं दिसतं. क्रेट भरल्यावर मागचं बसतं, पुढचं वर उठतं, आणि पुढचे कोन परत बदलतात. म्हणून तुमच्या गाडीची अलाइनमेंट निम्म्या क्रेटच्या वजनावर करा. वजन नसेल तर वाळूची पोती चालतात, मी तीच वापरते.

क्रम पाळायचा : कॅस्टर, मग कॅम्बर, मग टो. पहिल्या दोघांना हात लावला की टो हलतोच, म्हणून तो शेवटी. आणि टो अंशात मागा, मिलिमीटरमध्ये नाही. टायरचा व्यास बदलला की मिलिमीटरचा आकडा खोटा ठरतो, अंश तोच राहतो.

मागच्या जादा पाट्याबद्दल एक. ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे वाटणारा व्हॉल्व्ह आणि त्याचा दांडा मागच्या ॲक्सलला जोडलेला असेल, तर गाडी वर गेल्यावर त्या दांड्याला गाडी रिकामी आहे असं वाटत राहतं, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. तो दांडा जुळवून घ्या. भरलेली गाडी घाट उतरताना हे फार महत्त्वाचं आहे.

प्रश्न : बुश नवे घातले तरी दोन महिन्यांत फाटतात. चांगल्या कंपनीचे घातले होते. (बार्शी)

उत्तर : बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळले गेले. रबराचा बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. चाकं हवेत असताना आवळला की जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो, आणि शेवटी फाटतो. उचलल्यानंतर हातांचे, पॅनहार्डचे, शॅकलचे सगळे बोल्ट थोडे सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, बंपर धरून दोन-चारदा दाबा आणि मग खालून आवळा. खड्डा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवून. उचललेल्या गाडीत जे बोल्ट सोडलेच नव्हते तेही असेच पिळलेले असतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : नवीन थार घेणार आहे. शोरूममधून थेट लिफ्ट करून घ्यायचा विचार आहे. काय काळजी घेऊ? आरटीओची अडचण येते का? (पिंपरी)

उत्तर : अडचण येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीलाही आधी लेखी विचारा. हे सगळं समजून घेऊन मगच ठरवा, मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

मात्र थेट शोरूममधून नको. थारचं पोट मुळातच जमिनीपासून २२६ मिमी वर आहे. आधी सहा महिने आहे तशी चालवा, कुठे पोट टेकतं ते वहीत लिहा. माझ्याकडे आलेल्या कित्येकांना उंची नको होती, टायरमध्ये नीट हवा भरायला आणि चाक कुठे ठेवायचं ते शिकायला हवं होतं. तरीही उचलायचीच ठरली, तर कुणीही बोल्टाला हात लावण्याआधी अलाइनमेंट करून छापील कागद घ्या : दोन्ही बाजूंचा कॅस्टर, कॅम्बर, टो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना टेपने घ्या. ओळंब्याची चार मापं घ्या. हेडलाइटचा झोत भिंतीवर कुठे पडतो तिथे खूण करा, कारण पुढचं वर गेलं की तुमचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी उचलून झाली की चाकं लोंबकळवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. मग तीच सगळी मापं परत, त्याच फरशीवर, टाकीत तेवढंच डिझेल ठेवून.

तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पाच वर्षांनी कुठल्याही गावात गाडी नेलीत, तरी तिथल्या मेकॅनिकला गाडी कुठून निघाली होती ते कळेल.